ग्रहणाचे वेध आणि गोळ्यांच्या वेळा

७ सप्टेंबर २०२५. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. बुटीबोरीतील आमच्या घराच्या गच्चीवर शेजारची पाच-सहा मुले आणि कोणीतरी आणलेली एक दुर्बीण असा सरंजाम जमला होता. ढगांच्या फटींतून चंद्र अधूनमधून दिसे आणि दर वेळी त्याचा आणखी थोडा भाग काळवंडलेला असे. मी पाण्याची बाटली आणायला खाली आले. खोलीत सासूबाई जपाची माळ हातात धरून बसल्या होत्या. पंखा सुरू असूनही त्यांचे पातळ घामाने भिजले होते. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने ओ दिली.

ग्लुकोमीटरने ५२ दाखवले. दुपारी एकच्या सुमारास वेध लागले म्हणून त्यांनी सकाळी अकरानंतर अन्नाला हात लावला नव्हता. मात्र ‘औषध म्हणजे काही अन्न नव्हे’ असे ठरवून रात्री आठची साखरेची गोळी त्यांनी नेमाने, दोन घोट पाण्याबरोबर घेतली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ऐंशीच्या वर आला होता. डोळ्यांत ओळख परतली आणि पहिला प्रश्न आला, ‘सुटलं का गिरान?’ तोवर चंद्र पूर्ण तांबूस झाला होता, सुटायला चांगले दोन-अडीच तास होते. मी खरे ते सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मंग मले साखर कायले देली?’

त्या वेळी एक्क्याऐंशी वर्षांच्या असलेल्या सासूबाईंच्या श्रद्धेला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. दोष आम्हा पाळणाऱ्यांचा होता. ग्रहणाची वेळ आम्हांला महिनाभर आधी ठाऊक होती. गोळीची वेळही रोजचीच होती. ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहण्याचे मात्र घरातल्या एकालाही सुचले नाही. आपल्या भागातून पुढे कोणकोणती ग्रहणे दिसणार आहेत आणि त्या दिवशी घरातील वृद्धांचे जेवण, औषध, झोप व स्नान यांची आखणी कशी करावी, हे आता तरी निवांतपणे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

आरंभ जी ग्रहणे आपल्याला दिसणारच नाहीत त्यांच्यापासून करते, कारण मोबाइलवरील निरोपांचा सुळसुळाट नेमका त्यांच्याच बाबतीत असतो. येत्या १२ ऑगस्ट २०२६ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे. ते ग्रीनलंड, आइसलँड आणि स्पेन येथून दिसेल. आपल्या घड्याळात त्याचा मध्य रात्री सव्वाअकराच्या सुमारास येतो, म्हणजे बुटीबोरीचा सूर्य तेव्हा केव्हाच मावळलेला असेल. त्यानंतर २८ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, खंडग्रास चंद्रग्रहण आहे. ते आपल्याकडे सकाळी आठनंतर सुरू होते, तेव्हा चंद्र क्षितिजाखाली असेल. ६ फेब्रुवारी २०२७ चे कंकणाकृती सूर्यग्रहण दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा यांच्या वाट्याचे, तेही आपल्या रात्री. परंपरेचा नियमही येथे सोयीचाच आहे. जे ग्रहण आपल्या गावातून दिसत नाही, त्याचे वेध पाळायचे नसतात. तेव्हा राखीच्या दिवशी आजीला उपाशी ठेवणारा निरोप आला, तर तो निःशंकपणे पुसून टाकावा.

२१ फेब्रुवारी २०२७ च्या पहाटे मात्र एक छायाकल्प चंद्रग्रहण आपल्या आकाशात घडेल. चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत न शिरता तिच्या विरळ छायेतून जाईल. पहाटे पावणेपाचच्या सुमारास त्याचा एक भाग किंचित मळकट दिसेल, इतकेच. पंचांगे अशा ग्रहणाचे धार्मिक नियम सांगत नाहीत. पहाटे उठण्याची सवय असलेल्या आजोबांनी चहाचा पेला हातात घेऊन ते खुशाल पाहावे.

ज्यासाठी खरोखर तयारी हवी असे पहिले ग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी येते. हे खग्रास सूर्यग्रहण स्पेनचे दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया आणि येमेन येथून दिसेल. इजिप्तमधील लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील. आपल्याकडे ते खंडग्रास आहे. दुपारी चार ते सायंकाळी सहा या दरम्यान पश्चिमेकडे कललेल्या सूर्याचा एक लहानसा घास चंद्र घेईल. ऑगस्टचे ढग आड आले, तर तेवढेही दिसणार नाही.

दृश्य लहान असले, तरी काळजी याच ग्रहणाची अधिक वाटते. सूर्यग्रहणाचे वेध परंपरेने चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, म्हणजे नऊ तास. दुपारी चारनंतर स्पर्श होणार, म्हणजे वेध भल्या पहाटेच लागले. रात्री आठला जेवलेली वृद्ध व्यक्ती दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत, बावीस तास, निराहार राहू शकते. शिवाय तो आषाढ अमावास्येचा दिवस, दिव्यांच्या पूजेचा. आपल्या विदर्भात घरोघरी जिवतीची पूजा असते. वर सोमवार. एका दिवसात उपासाची तीन कारणे एकत्र आल्यावर ‘आज मी काही घेणार नाही’ हे वाक्य किती घरांत ऐकू येईल, याची कल्पना करावी.

हे वाक्य ऐकल्यावर वाद घालू नये, पंचांग उघडावे, असा माझा अनुभव आहे. आपल्या मराठी पंचांगांत ग्रहणाच्या माहितीतच बाल, वृद्ध, आजारी, अशक्त आणि गर्भवती यांच्यासाठी वेधाचा काळ बराच कमी करून वेगळा दिलेला असतो. आमच्याकडे ती ओळ इतकी वर्षे कोणी वाचलीच नव्हती. ती मोठ्या अक्षरांत लिहून दाखवली, तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि ‘असं लिवलं हाय तं ठीक हाय’ म्हणाल्या. डॉक्टरांचे सांगणे त्यांनी तितक्या सहज मानले नसते. शास्त्राने दिलेली सवलत घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता औषधांविषयी. मधुमेहाच्या ज्या गोळ्या शरीरातील इन्सुलिन वाढवतात, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, त्या आणि इन्सुलिनचे इंजेक्शन जेवणाशी बांधलेले असते. जेवण गाळून ते घेतले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरते. उलट जेवणही नाही आणि औषधही नाही, असे स्वतःच ठरवणेही योग्य नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्या काही रुग्णांत ते पूर्ण थांबवणे अधिकच घातक ठरते. म्हणून ग्रहणाच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना एकच स्पष्ट प्रश्न विचारावा: ‘त्या दिवशी जेवणाची वेळ दोन तासांनी सरकली, तर कोणते औषध केव्हा आणि किती?’ उत्तर कागदावर लिहून घ्यावे व औषधांच्या डब्यातच ठेवावे.

तरुण माणसाची साखर उतरली, की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि तो स्वतःच काहीतरी खातो. वयोवृद्धांत ही लक्षणे पुसट असतात. कधी नुसती गुंगी येते, कधी बोलणे असंबद्ध होते, कधी विनाकारण चिडचिड. ग्रहणाच्या रात्री हे सारे ‘जपात तंद्री लागली’ या सदरात खपून जाते. आमच्याकडे तेच झाले असते. मोजल्यावर आकडा ७० पेक्षा कमी आला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर वर आल्यावर पोळी-भात असे काही खायला द्यावेच. वर उल्लेखलेल्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. त्या रात्री वरणभात भरवल्यानंतर आम्ही दर तासाला मोजत राहिलो. व्यक्ती शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाण्याचा प्रश्न जेवणाइतकाच मोठा आहे, पण त्याकडे लक्ष जात नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या व्यक्तीने दिवसभर पाणी टाळले, तर उठताना भोवळ येते. कंपवाताचे औषध ठरलेल्या तासाला न मिळाल्यास शरीर आखडते आणि घोट गिळणेही अवघड होते. विस्मरणाचा आजार असलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. काल काय जेवले ते त्यांना आठवत नाही. ग्रहणात तोंडात काही घालायचे नाही, ही बालपणीची शिकवण मात्र पक्की असते. अशांच्या कानावर दिवसभर दूरचित्रवाणीवरील राशिभविष्याचा मारा होऊ देऊ नये. ‘ग्रहण’ हा शब्दच न काढता रोजच्या वेळी रोजचे ताट समोर ठेवावे. यात फसवणूक आहे असे कोणाला वाटेल, मला तसे वाटत नाही. घरात गर्भवती सून असेल, तर तिलाही अन्नपाणी वेळेवर द्यावे. तिने सुरी हातात घेतल्याने बाळाचा ओठ फाटत नाही.

सूर्यग्रहण पाहायचे कसे, हा पुढचा प्रश्न. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटल भाजते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना काहीच कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी धूसर ठिपका उमटतो, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेले भिंग म्हणजे सूर्याकडे पाहण्याचा परवाना नव्हे, हेही येथे सांगायला हवे. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, उन्हाचा काळा चष्मा हे सारे निरुपयोगी आहे. परातीतल्या पाण्यातील प्रतिबिंबाकडेही टक लावून पाहू नये. आयएसओ १२३१२-२ हे मानांकन असलेले, ओरखडा न पडलेले ग्रहणचष्मे तेवढे वापरावेत.

बुटीबोरीसाठी एक सूचना मुद्दाम करते. आपल्याकडे औद्योगिक वसाहतीमुळे घरोघरी कोणी ना कोणी कारखान्यात कामाला आहे, आणि वेल्डिंगची काच सहज हाती येते. ही काच क्रमांकाने ओळखली जाते. रोजच्या वेल्डिंगला बहुधा दहा-अकरा क्रमांकाची चालते. सूर्यासाठी ती पुरेशी नाही, चौदा क्रमांकाची लागते. क्रमांक पुसला गेला असेल, तर ती काच डोळ्यांसमोर धरूच नये.

ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली युक्ती आहे. ऑगस्टमधील त्या सायंकाळी सूर्य पश्चिमेला खाली उतरलेला असेल. पश्चिमेची खिडकी पुठ्ठ्याने झाकावी आणि पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढे छिद्र पाडावे. समोरच्या भिंतीवर उन्हाचा गोल कवडसा पडेल. तो छिद्राचा आकार नसतो, प्रत्यक्ष सूर्याचे उलटे प्रतिबिंब असते. भिंत तीन मीटरवर असेल, तर सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचे बिंब उमटते. ग्रहण लागले, की ते कडेला कुरतडलेल्या बिस्किटासारखे दिसेल. आजोबांनी उशीला टेकून भिंतीकडे पाहावे, सूर्याकडे पाठ असली तरी चालते. अंगणात कडुनिंब असेल, तर त्याच्या सावलीतही पानांच्या फटींतून असे शेकडो कवडसे पडतात.

आपल्या वाट्याला असा लहानसाच घास का, असे नातवंडे विचारतील. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्राची छाया पृथ्वीला चुकवून वर किंवा खाली निघून जाते. ती पडली, तरी खग्रासपट्टा जेमतेम शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो. एकाच गावावरून तो पुन्हा जायला बहुधा शतके लागतात. पण आपल्या परिसरातून तो एकदा गेला आहे. बुटीबोरीहून वर्ध्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे पुलगाव ओलांडून तळणी या लहानशा स्थानकावरून धामणगावकडे जातो. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची छाया कोकणात विजयदुर्गावरून शिरून जेऊर, पुलगाव, तळणी अशी ईशान्येकडे गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पथक तळ ठोकून होते. त्या पथकात ॲनी माँडर होत्या. ग्रीनिच वेधशाळेत गणनाचे काम केलेल्या या एकोणतीस वर्षांच्या स्त्रीने तळणीच्या उघड्या माळावर, लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक लांबलचक झोत टिपला. तोवर एवढा लांब झोत कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. रेल्वेने वर्ध्यापलीकडे जाताना मी तळणीचा फलक हटकून पाहते.

भारतभूमीवरील पुढचे मोठे योग दूरचे आहेत. २१ मे २०३१ चे कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूतून आणि २० मार्च २०३४ चे खग्रास लडाखच्या कोपऱ्यातून दिसेल. दोन्ही वेळा आपल्याला खंडग्रासच.

चंद्रग्रहणांची गोष्ट वेगळी. ते पाहायला चष्मा लागत नाही, दुर्बीण लागत नाही आणि डोळ्यांना कसलाही अपाय नाही. गेल्या होळीच्या पौर्णिमेला, ३ मार्चला, चंद्र ग्रासलेलाच उगवला होता आणि पावणेसातच्या सुमारास सुटला. झाडांच्या आड असल्याने पुष्कळांना तो दिसलाही नाही. पुढचे नीट दिसणारे खंडग्रास चंद्रग्रहण ६ जुलै २०२८ रोजी, गुरुपौर्णिमेच्या रात्री आहे. साडेदहानंतर लागेल, बाराच्या थोडे आधी मध्य आणि एकच्या सुमारास मोक्ष. वृद्धांनी आठला जेवून, औषध घेऊन नेहमीसारखे झोपावे. पावसाळी रात्री ओल्या जिन्यावरून त्यांना गच्चीवर नेण्याइतके त्यात काही विशेष नाही.

मोक्षानंतरचे स्नान हा मात्र विशेष काळजीचा विषय आहे. मध्यरात्री उठून, अर्धवट झोपेत, ओल्या फरशीवर थंड पाण्याने अंघोळ, या प्रसंगात पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याची सारी तयारी आयती होते. ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी ऐकत वाढलेल्या पिढीला स्नानावाचून ग्रहण सुटल्यासारखे वाटत नाही, हे मान्य. अशा वेळी सकाळी उजेडात, कोमट पाण्याने, स्टुलावर बसून स्नान करावे, रात्री हातपाय व तोंड धुवावे. न्हाणीघराचा दिवा रात्रभर सुरू ठेवावा आणि आतून कडी लावू देऊ नये.

आणि मग ३१ डिसेंबर २०२८. रविवार, पौष पौर्णिमा आणि वर्षाची शेवटची रात्र. त्या दिवशीचे चंद्रग्रहण खग्रास आहे आणि अथपासून इतिपर्यंत बुटीबोरीतून दिसणार आहे. रात्री साडेआठनंतर चंद्राच्या कडेला काळिमा चढू लागेल. पावणेदहा ते अकरा, एकाहत्तर मिनिटे, चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या छायेत असेल. पृथ्वीभोवतीच्या वातावरणातून वाकून गेलेला तांबडा प्रकाश तेवढा त्याच्यावर पडेल. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो वा मावळतो आहे, त्या सर्व संधिप्रकाशांचा तो रंग. बाराला पाच-सहा मिनिटे झाल्यावर मोक्ष, म्हणजे नव्या वर्षात. पौषातील पौर्णिमेचा चंद्र आपल्या अक्षांशावर मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. मान वर करून उभे राहणे मणक्याच्या विकारात त्रासाचे आणि चक्कर आणणारे. पण बाजेवर उताणे झोपून पाहणाऱ्याला तो थेट समोर दिसेल. पुढे २१ डिसेंबर २०२९ च्या पहाटेही खग्रास आहे, पण ती पहाटे अडीच ते सहाची थंडी. वृद्धांनी त्या वेळी पांघरुणात असावे.

आमच्याकडे २०२८ च्या रात्रीची आखणी झालेली आहे. साडेसातला जेवण आणि त्यालगत गोळी, आठला बाज अंगणात, कारण गच्चीचा जिना आता त्यांना झेपणार नाही. दोन गोधड्या, कानटोपी, उशाशी पाण्याचा तांब्या आणि ग्लुकोमीटर. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या असतील. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि दोन अटी घातल्या. उशी उत्तरेकडे नको, आणि साडेआठनंतर कोणी मले साखर पाजाची नाही. दुसरीवर अजून बोलणी चालू आहेत.